किण्वकातून कुपीपर्यंत : औषधी स्वावलंबनाची खरी परीक्षा शुद्धीकरण विभागात

नवी दिल्ली : पेनिसिलिन-जीसारख्या मूलभूत प्रतिजैविकाचे उत्पादन दीर्घ खंडानंतर देशात पुन्हा सुरू झाले आहे. आंध्र प्रदेशातील काकीनाडा येथे ‘ऑरोबिंदो फार्मा’च्या उपकंपनीने वर्षाला १५ हजार टन क्षमतेचा प्रकल्प उभारला आहे. हिमाचल प्रदेशातील नालागढ येथे क्लॅव्ह्युलॅनिक आम्लाचा प्रकल्प आकाराला आला आहे. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते २९ ऑक्टोबर २०२४ रोजी ज्या आरोग्यविषयक प्रकल्पांचे उद्घाटन झाले, त्यांत उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजनेतील या दोन ठिकाणांचाही समावेश होता. ‘पुन्हा स्वदेशी पेनिसिलिन’ या घोषणेचे औद्योगिक वर्तुळात स्वागत झाले. मात्र हे पेनिसिलिन आयात मालाच्या किमतीशी किती काळ टक्कर देऊ शकेल आणि ते तयार करताना आसपासच्या पाण्याचे काय होईल, या दोन प्रश्नांची उत्तरे बुरशी वाढवणाऱ्या अवाढव्य टाक्यांमध्ये शोधून सापडणार नाहीत. ती त्या टाक्यांच्या पलीकडे, द्रव गाळून, वेगळा करून आणि शुद्ध करून औषध हाती देणाऱ्या विभागात दडलेली आहेत.

सूक्ष्मजीवांच्या साहाय्याने होणाऱ्या प्रत्येक उत्पादनाचे दोन भाग पडतात. पहिल्या भागात जिवाणू, यीस्ट किंवा बुरशी यांना साखर, नत्र आणि हवा पुरवून त्यांच्याकडून हवा तो पदार्थ तयार करून घेतला जातो. यालाच किण्वन म्हणतात. दुसऱ्या भागात त्या गढूळ, चिकट द्रवातून तो पदार्थ बाहेर काढून शुद्ध केला जातो. धोरणकर्त्यांच्या भाषणांत आणि गुंतवणुकीच्या घोषणांत पहिल्या भागाची चर्चा अधिक असते. खर्चाचा, ऊर्जेचा आणि प्रदूषणाचा मोठा भार मात्र दुसऱ्या भागावर पडतो. इन्शुलिनसारख्या अतिशुद्ध प्रथिनांच्या बाबतीत एकूण उत्पादन खर्चाच्या निम्म्याहून अधिक वाटा पुनर्प्राप्ती आणि शुद्धीकरणाचा असतो.

इतिहासातील धडा

पेनिसिलिनची कहाणी बहुतेकांना १९२८ मधील अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या प्रयोगशाळेपर्यंत ठाऊक असते. बुरशीच्या स्रावाने जिवाणू मरतात, हे फ्लेमिंग यांनी पाहिले. पण तो पदार्थ त्यांना शुद्ध स्वरूपात वेगळा करता आला नाही. त्यानंतर सुमारे एक दशक हा शोध औषध म्हणून निरुपयोगी राहिला. ऑक्सफर्ड विद्यापीठातील हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन आणि नॉर्मन हीटली यांनी ही कोंडी फोडली. आम्लधर्मी द्रवातून पेनिसिलिन ईथरमध्ये ओढून घ्यायचे आणि सामू बदलून ते पुन्हा पाण्यात आणायचे, ही हीटली यांची युक्ती निर्णायक ठरली.

तरीही १९४१ मध्ये ऑक्सफर्डमधील एका पोलीस शिपायावर पहिले उपचार झाले, तेव्हा साठा इतका तुटपुंजा होता की रुग्णाच्या मूत्रातून पेनिसिलिन परत मिळवून ते त्यालाच टोचण्यात आले. प्रकृती सुधारत असतानाच औषध संपले आणि रुग्ण दगावला. पुढे अमेरिकेतील पिओरिया येथील शासकीय प्रयोगशाळेत मक्याच्या स्टार्च उद्योगातील उपपदार्थ वापरून उत्पादन वाढले, अधिक पेनिसिलिन देणारी बुरशी मिळाली आणि महायुद्ध संपण्यापूर्वी औषध मुबलक झाले. त्या यशातही वेगवान केंद्रोत्सारी निष्कर्षण यंत्रांचा वाटा मोठा होता. शोध लागणे आणि औषध उपलब्ध होणे यांमधील अंतर शुद्धीकरणानेच भरून काढले.

स्वतंत्र भारताने हा धडा लवकर गिरवला. पुण्याजवळील पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स या सार्वजनिक कंपनीची स्थापना झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचे त्यासाठी साहाय्य लाभले. त्यानंतर सोव्हिएत संघाच्या मदतीने ऋषिकेश येथे प्रतिजैविकांचा सरकारी कारखाना उभा राहिला आणि खासगी क्षेत्रानेही उत्पादनात पदार्पण केले. मात्र आर्थिक उदारीकरणानंतर चीनमधून येणाऱ्या स्वस्त मालापुढे हे उत्पादक एकेक करून मागे हटले. देशातील गोळ्या-कॅप्सूलचा उद्योग वाढत गेला, पण त्याच्या मुळाशी असलेला पदार्थ बाहेरून येऊ लागला. एपीआय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या औषधी मूलघटकांच्या आणि त्यांच्या मध्यवर्ती रसायनांच्या आयातीत चीनचा वाटा सुमारे दोन-तृतीयांश किंवा त्याहून अधिक झाला.

करोनाच्या साथीने या परावलंबनाची जाणीव करून दिली. चीनमधील पुरवठा विस्कळीत होताच केंद्र सरकारने ३ मार्च २०२० रोजी २६ मूलघटक आणि औषधांच्या निर्यातीवर निर्बंध घातले. त्याच महिन्यात ६,९४० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना आणि ३ हजार कोटी रुपयांची ‘बल्क ड्रग पार्क’ योजना मंजूर झाली.

टाकीपासून स्फटिकापर्यंत

शुद्धीकरणाचा भार किती असतो, हे समजण्यासाठी पेनिसिलिन-जीचा प्रवास पाहणे उपयुक्त ठरते. आधुनिक बुरशी एका लीटर द्रवात साधारण ५० ग्रॅम पेनिसिलिन देते. सुरुवातीच्या काळाच्या तुलनेत ही झेप हजारो पटींची आहे. तरीही उरलेला सुमारे ९५ टक्के भाग पाणी, बुरशीचे तंतू, प्रथिने, क्षार आणि न वापरलेले अन्नद्रव्य यांचाच असतो.

प्रथम हा द्रव झपाट्याने थंड केला जातो, कारण पेनिसिलिन उष्णतेत टिकत नाही. मग फिरत्या निर्वात गाळणयंत्रातून बुरशीचे तंतू वेगळे होतात. गाळलेल्या द्रवात गंधकाम्ल मिसळून त्याचा सामू २ ते २.५ पर्यंत खाली आणला जातो. या अवस्थेत पेनिसिलिन पाणी सोडून ब्युटिल ॲसिटेटसारख्या द्रावकात जाते. अडचण अशी की, याच आम्लधर्मी अवस्थेत त्याचा ऱ्हासही सर्वाधिक वेगाने होतो. खोलीच्या तापमानाला ते अर्ध्या तासाच्या आत निम्म्यावर येऊ शकते. म्हणून आम्ल मिसळणे, द्रावकाशी संपर्क आणि दोन्ही थर वेगळे करणे ही कामे थंड तापमानात, अत्यंत कमी वेळात उरकावी लागतात. त्यातच द्रवातील प्रथिनांमुळे पाणी आणि द्रावक यांचे दुधासारखे मिश्रण तयार होते आणि ते लवकर फुटत नाही. तेवढा विलंबही नुकसानीस पुरेसा ठरतो.

त्यानंतर पेनिसिलिन पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात स्फटिक म्हणून मिळवले जाते, धुतले जाते आणि वाळवले जाते. पुढे पेनिसिलिन ॲसायलेज या विकराच्या साहाय्याने त्यापासून ६-एपीए हा मध्यवर्ती पदार्थ बनतो आणि त्यातून ॲमॉक्सिसिलिन व ॲम्पिसिलिन तयार होतात. घशाच्या किंवा छातीच्या संसर्गावर गावोगावच्या दवाखान्यांत लिहून दिल्या जाणाऱ्या कॅप्सूलची सुरुवात अशी होते.

या साखळीतील गणित निष्ठुर आहे. समजा, पुनर्प्राप्तीचे सहा टप्पे आहेत आणि प्रत्येक टप्प्यावर ९५ टक्के माल हाती लागतो. तर अखेरीस मूळ १०० किलोंपैकी सुमारे ७३.५ किलोच उरतात. प्रत्येक टप्प्यावरील प्राप्ती ९८ टक्क्यांवर नेली, तर हाच आकडा सुमारे ८८.६ किलोंवर जातो. म्हणजे तीच बुरशी, तीच साखर आणि तीच वीज वापरून साधारण २० टक्के अधिक माल मिळतो. जागतिक बाजारात किलोमागे थोड्या फरकाने सौदे जिंकले किंवा गमावले जात असताना ही तफावत कारखान्याचे भवितव्य ठरवू शकते.

प्रोत्साहनाची मुदत

केंद्राच्या योजनेत किण्वनावर आधारित उत्पादनांना रासायनिक उत्पादनांपेक्षा अधिक सवलत मिळते, ती याच जोखमीमुळे. २०२३-२४ ते २०२६-२७ या चार वर्षांत पात्र विक्रीवर २० टक्के, २०२७-२८ मध्ये १५ टक्के आणि २०२८-२९ मध्ये ५ टक्के असा प्रोत्साहनाचा दर आहे. पेनिसिलिन-जी, ७-एसीए, एरिथ्रोमायसिन थायोसायनेट आणि क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल या चार उत्पादनांसाठी किमान ४०० कोटी रुपयांच्या गुंतवणुकीची अट आहे. किण्वनाधारित उत्पादनांत देशांतर्गत मूल्यवर्धन किमान ९० टक्के असणेही बंधनकारक आहे.

या रचनेतील दोन बाबी लक्षणीय आहेत. पहिली म्हणजे प्रोत्साहन विक्रीवर मिळते, किण्वकातील साठ्यावर नाही. टाकीत तयार झालेले पण गाळताना, निष्कर्षणात किंवा स्फटिकीकरणात वाया गेलेले पेनिसिलिन कोणत्याही हिशेबात धरले जात नाही. दुसरी बाब मुदतीची. पाच टक्क्यांपर्यंत उतरत जाणारा दर संपण्यापूर्वी पुनर्प्राप्तीची कार्यक्षमता प्रस्थापित उत्पादकांच्या पातळीवर नेली नाही, तर नव्या कारखान्यांपुढे नव्वदच्या दशकातीलच पेच उभा राहील.

हा पेच केवळ कारखानदारांचा नाही. स्वदेशी उत्पादकांना किमान आयात किंमत किंवा शुल्काचे संरक्षण हवे आहे. ॲमॉक्सिसिलिन बनवणाऱ्या कंपन्यांना कच्चा माल स्वस्त हवा आहे, कारण त्यांच्या अनेक औषधांची कमाल किंमत राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने बांधून दिलेली आहे. कच्चा माल महागला तरी कॅप्सूलचा दर मनाप्रमाणे वाढवता येत नाही. संरक्षण दिले तर छोट्या औषध उत्पादकांची कोंडी होते. न दिले तर पुन्हा परावलंबन येते. या दोहोंतून सुटण्याचा टिकाऊ मार्ग उत्पादन खर्च कमी करण्याचा आहे आणि त्यासाठी सर्वाधिक वाव पुनर्प्राप्ती विभागात आहे.

हृदयाच्या झडपांना इजा करणाऱ्या संधिवाती तापाच्या रुग्णांसाठी हा प्रश्न आणखी निकडीचा ठरतो. या रुग्णांना, त्यांत शाळकरी मुलेही मोठ्या संख्येने असतात, दर तीन-चार आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे घ्यावे लागते. ते स्वस्त असते, पण त्याचा मूलघटक जगात मोजकेच उत्पादक बनवतात. त्यामुळे एखाद्या कारखान्यातील खंडही अनेक देशांत टंचाई निर्माण करतो. नफा कमी आणि गरज मोठी, अशा औषधांसाठी देशांतर्गत साखळी असणे हे सार्वजनिक आरोग्याचे संरक्षण आहे.

उरलेल्या पाण्याचा हिशेब

शुद्धीकरणाची दुसरी बाजू पर्यावरणाची आहे. प्रति लीटर ५० ग्रॅम उत्पादन आणि एकंदर ८५ टक्के प्राप्ती गृहीत धरली, तर एक टन पेनिसिलिनसाठी सुमारे साडेतेवीस हजार लीटर किण्वित द्रव हाताळावा लागतो. वर्षाला १५ हजार टनांच्या क्षमतेला हे प्रमाण लावले, तर दररोज साडेनऊ लाख लीटरहून अधिक द्रव गाळावा लागेल. धुण्यासाठी आणि थंड करण्यासाठी लागणारे पाणी वेगळेच. औषध काढून घेतल्यावर या द्रवात सेंद्रिय पदार्थ, क्षार, द्रावकाचे अंश आणि थोडे प्रतिजैविकही उरते. गाळून निघालेल्या बुरशीच्या ओल्या चोथ्यातही ते असते.

नदी-नाल्यांत पोहोचलेले अल्प प्रमाणातील प्रतिजैविक तेथील जिवाणूंना प्रतिकारक्षम होण्यास वाव देते. हैदराबादजवळील पाटणचेरू येथील सांडपाण्याविषयी २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने जगाचे लक्ष याकडे वेधले. तेथील सामाईक प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सॅसिनचे प्रमाण प्रति लीटर ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळले होते. ते औषध किण्वनाने नव्हे, रासायनिक पद्धतीने तयार होते. परंतु सांडपाण्यातून औषध निसटले की काय होते, हा धडा दोन्ही पद्धतींना सारखाच लागू पडतो.

नियमनाच्या पातळीवर मात्र संदिग्धता आहे. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने जानेवारी २०२० मधील मसुद्यात औषध कारखान्यांच्या सांडपाण्यातील प्रतिजैविकांच्या अवशेषांवर मर्यादा प्रस्तावित केल्या होत्या. ऑगस्ट २०२१ च्या अंतिम अधिसूचनेत त्या वगळण्यात आल्या. त्यानंतर सप्टेंबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रतिजैविक निर्मितीतील सांडपाणी आणि घनकचऱ्याच्या व्यवस्थापनाबाबत पहिली मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. देशात प्रतिजैविकांची निर्मिती वाढत असताना, अशा मर्यादांचा निर्णय आता अधिक काळ लांबवणे परवडणारे नाही.

उद्योगाचा युक्तिवाद असा की, कडक मानकांमुळे खर्च वाढेल आणि आयात मालाशी स्पर्धा अवघड होईल. तो पूर्णतः निराधार नाही. पण अपुरा आहे. सांडपाण्यात गेलेले प्रतिजैविक हे प्रदूषण असते, तसेच गमावलेले उत्पादनही असते. हवेत किंवा पाण्यात गेलेला द्रावक पुन्हा विकत घ्यावा लागतो. ६-एपीए तयार होताना सुटणारे फेनिलॲसेटिक आम्ल परत मिळवले, तर ते पुढच्या किण्वनात पुन्हा वापरता येते. म्हणून पुनर्प्राप्तीत केलेली गुंतवणूक खर्च आणि प्रदूषण या दोन्ही आघाड्यांवर उपयोगी पडते. कारखान्यांपुढील खरी अडचण अशी की, ही गुंतवणूक आधी करावी लागते आणि परतावा हळूहळू मिळतो.

औषधांपलीकडचे क्षेत्र

हाच प्रश्न आता औषधांपुरता उरलेला नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने २४ ऑगस्ट २०२४ रोजी ‘बायोई-३’ धोरणाला मंजुरी दिली. जैवरसायने, विकरे, जैवबहुलके, पर्यायी प्रथिने आणि जैविक औषधे यांच्या देशांतर्गत निर्मितीला चालना देणे हा त्याचा हेतू आहे. २०३० पर्यंत देशाची जैवअर्थव्यवस्था ३०० अब्ज डॉलरवर नेण्याचे उद्दिष्ट आहे. धोरणाचा भर जैव-कृत्रिम बुद्धिमत्ता केंद्रे आणि बायोफाउंड्री यांवर, म्हणजे अधिक चांगले सूक्ष्मजीव घडवणे आणि प्रक्रिया मोठ्या प्रमाणावर नेणे यांवर आहे.

साखर उद्योगाचे उदाहरण यासंदर्भात बोलके आहे. महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेशातील कारखाने मळीपासून इथेनॉल बनवतात. इथेनॉल उष्णतेने सहज उडते, म्हणून ऊर्ध्वपातनाने ते वेगळे करता येते. तरीही प्रत्येक लीटर इथेनॉलमागे सुमारे ८ ते १५ लीटर गडद रंगाचे स्पेंट वॉश उरते आणि त्याची विल्हेवाट हा दशकानुदशके या उद्योगाचा जटिल प्रश्न राहिला आहे.

आता या उद्योगाची नजर लॅक्टिक आम्ल आणि त्यापासून बनणाऱ्या पॉलिलॅक्टिक आम्लाच्या प्लास्टिककडे वळली आहे. पुण्याच्या ‘प्राज इंडस्ट्रीज’ने ऑक्टोबर २०२४ मध्ये जेजुरी येथे जैवबहुलकांचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला. ‘बलरामपूर चिनी मिल्स’ने उत्तर प्रदेशातील कुंभी येथे मोठा प्रकल्प हाती घेतला आहे. लॅक्टिक आम्ल इथेनॉलप्रमाणे सहज उडत नाही. पारंपरिक पद्धतीत ते चुन्याच्या साहाय्याने क्षाररूपात आणून गंधकाम्लाने मोकळे केले जाते. त्यात प्रत्येक टन आम्लामागे जवळपास तेवढेच जिप्सम निघते. पर्यावरणस्नेही प्लास्टिकच्या मागे जिप्समचे ढीग उभे राहू नयेत, तर विद्युत-अपोहन, आयन-विनिमय किंवा कमी सामूवर वाढणारे यीस्ट अशा पर्यायांचा अवलंब करावा लागेल.

जैविक औषधांत अडचणीचे स्वरूप आणखी वेगळे आहे. हैदराबादच्या ‘शांता बायोटेक्निक्स’ने १९९७ मध्ये यीस्टपासून बनवलेली हिपॅटायटिस-बीची लस बाजारात आणली आणि महागडी लस सामान्यांच्या आवाक्यात आली. मात्र अशा प्रथिनांच्या शुद्धीकरणासाठी लागणारी क्रोमॅटोग्राफीची राळ आणि उच्च दर्जाची गाळणपटले यांचा पुरवठा आजही प्रामुख्याने अमेरिका, युरोप आणि जपानमधील काही कंपन्यांच्या हाती आहे. लस स्वदेशी असली, तरी ती शुद्ध करणारी सामग्री परदेशी असेल, तर परावलंबन संपत नाही. ते एक पायरी मागे सरकते.

पुढची दिशा

‘बल्क ड्रग पार्क’ योजनेत या गरजेची दखल घेतलेली दिसते. हिमाचल प्रदेश, गुजरात आणि आंध्र प्रदेशातील तीन उद्यानांना प्रत्येकी कमाल एक हजार कोटी रुपयांचे साहाय्य असून, सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि द्रावक पुनर्प्राप्ती केंद्र यांचा समावेश मान्य सुविधांत आहे. महाराष्ट्राने रायगड जिल्ह्यातील रोहा-मुरूड परिसरासाठी प्रस्ताव दिला होता. २०२२ मध्ये निवड झालेल्या राज्यांत त्याला स्थान मिळाले नाही आणि त्यावरून राजकीय वादही झाला. कोणते उद्यान कोणत्या राज्यात गेले, याची चर्चा तेव्हा भरपूर झाली. निवडलेल्या उद्यानांत द्रावक पुनर्प्राप्ती आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्रे पहिल्या कारखान्याआधी उभी राहतात की नंतर, हा प्रश्न त्याहून अधिक महत्त्वाचा आहे.

धोरणकर्त्यांपुढे यापुढे चार कामे दिसतात. प्रोत्साहनाच्या उरलेल्या काळात पुनर्प्राप्तीची कार्यक्षमता आणि द्रावकाचा पुनर्वापर हे निकष मदतीशी जोडता येतील. सांडपाण्यातील प्रतिजैविकांच्या मर्यादा टप्प्याटप्प्याने, पण निश्चित वेळापत्रकानुसार लागू करता येतील. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, मुंबईची रसायन तंत्रज्ञान संस्था यांसारख्या संस्थांतील ज्ञान कारखान्यापर्यंत नेण्यासाठी मध्यम क्षमतेची प्रायोगिक शुद्धीकरण केंद्रे उभारता येतील. कारण परीक्षानळीत चालणारे निष्कर्षण हजारो लीटरच्या यंत्रात तसेच चालेल, याची शाश्वती नसते. आणि गाळणपटले, राळ, सेंट्रिफ्यूज यांच्या देशांतर्गत निर्मितीलाही प्रोत्साहन देता येईल.

पिंपरीच्या कारखान्याने सात दशकांपूर्वी देशात पेनिसिलिन तयार होऊ शकते, हे दाखवून दिले होते. त्यानंतरचा ऱ्हास तंत्रज्ञान नसल्यामुळे झाला नाही. बदलत्या बाजारात खर्चाची स्पर्धा टिकवता आली नाही, हे त्याचे प्रमुख कारण होते. काकीनाडा आणि नालागढच्या कारखान्यांसमोर आज तीच कसोटी आहे. २०२८-२९ नंतर प्रोत्साहन थांबेल, तेव्हा किती किण्वक उभारले, याला फारसा अर्थ उरणार नाही. त्यांतून बाहेर पडलेल्या प्रत्येक लीटर द्रवापासून किती औषध कुपीत पोहोचले आणि किती नाल्यात गेले, या हिशेबावरच औषधी स्वावलंबनाचे यश ठरेल.